छत्रीचा आवाज

क्लीथॉर्प्सच्या थिएटरात माझी खुर्ची एफ-चौदा.
नातीनं तिकीट काढलं. म्हणाली, आजी, तुझ्याच लोकांवरचं नाटक आहे.
माझे लोक.
पोस्टरवर पाच जण, छत्र्या उलट्या धरून,
खाली त्या मुलांची नावं, ज्यांच्या आईबापांनीही
‘पाच छत्र्या’ फक्त रेडिओवर ऐकल्या असतील.

पडदा सरकतो. मिसेस डॉब्सनचं लॉज.
शेगडीवर किटली, भिंतीला कागद, कागदावर निळे पोपट.
पोपट नव्हते. ओल होती.
तिला आम्ही आयर्लंडचा नकाशा म्हणायचो,
नॉरिस रोज सकाळी दाढी करता करता
तिच्यात एक नवं गाव वसवायचा.
असो. पोपट उजेडात बरे दिसतात.

क्लेम हॅक्सबी येतो. टाळी.
पोरगा सव्वीसचा असेल, दात एका ओळीत.
क्लेम हसायचा तोंडावर हात धरून.
लोक म्हणत, काय लाजतो, काय अभिनय!
पुढचे दोन दात ग्रिम्झबीच्या गोदीत गेले होते,
कॉडची पेटी निसटली तेव्हा.

मग तो प्रवेश.
छत्री उघडत नाही.
नाटकात ही युक्ती रात्री दोन वाजता सुचते,
नॉरिस आणि क्लेम, टेबलावर बिअर,
‘आणि मग, आणि मग पियानोचा एक चुकीचा सूर!’
दोघं मिठी मारतात. प्रेक्षक खूश.

त्या दुपारी हलहून फोन आला होता.
क्लेमची मुलगी, चार वर्षांची, डांग्या खोकला.
तरी तो उभा राहिला दिव्यात,
छत्री अडली, आणि वाक्य गेलं,
पुढचं, मागचं, सगळंच.
मी खाली खड्ड्यात अकरापर्यंत मोजलं.
भीतीनं करंगळी घसरली काळ्या पट्टीवर.
त्यानं छत्रीकडे पाहिलं,
जणू तीच बोलली.
लोक असे हसले की खुर्च्यांचे स्क्रू ढिले झाले.
तेवीस वर्षं मी तो सूर चुकवत आले रोज रात्री,
चुकूनसुद्धा कधी बरोबर वाजवला नाही.

आज तो स्पीकरमधून येतो. वेळेवर. स्वच्छ.
नाटकात पियानो आहे, पियानोवाली नाही.
राग नाही. दिसू नये म्हणूनच तर
आम्हाला खड्ड्यात बसवतात.
पण गुडघ्यावर माझी करंगळी
आपली आपण उठली, आणि पडली.

दुसऱ्या अंकात विल्फ मरतो.
व्हायोलिन. खिडकीतून निळा उजेड.
‘हसणं हेच आपलं घर होतं,’ म्हणतो, आणि मान टाकतो.
सभागृह नाक ओढतं.
विल्फनं जन्मात एक वाक्य पुरं केलं नव्हतं!
डॉनकास्टरच्या इस्पितळात तो नर्सला विचारत होता,
ही खाट दुपारच्या खेळाच्या दरात का
मला हसू फुटलं. आवरेना.
पुढच्या बाईनं वळून पाहिलं
तसं, जसं चर्चमध्ये कुत्रं शिरल्यावर पाहतात.
नातीनं हात दाबला. तिला वाटलं, मी रडतेय.
नंतर तेही झालं, पण ते भांडणाच्या प्रवेशाला,
जिथं ते पैशांवरून ओरडतात, बशा फोडतात.
कोणी ओरडलं नव्हतं.
चार वर्षं एका व्हॅनमधून
पाच माणसं पाच काचांबाहेर बघत गेली,
आणि रंगमंचावर रोज एकमेकांना
माशानं थोबाडत राहिली, मन लावून.

खेळ संपल्यावर पोरगा लॉबीत आला,
कानामागे रंग तसाच.
‘ते असेच होते ना?’
डोळ्यांत इतकी आशा, की खोटं बोलले. हो म्हटलं.
मग राहवेना.
म्हटलं, डावा बूट रात्री भिजत घाल. करकरला पाहिजे.
ती करकर लपवायला क्लेम तसा चालायचा,
ज्या चालीला तू आज टाळी घेतलीस.
त्यानं तळहातावर पेननं लिहिलं: डावा बूट.
मग वर बघून, अदबीनं,
‘आणि आपण कोण?’

मी छत्रीचा आवाज, म्हटलं.

तो हसला,
अर्धी मात्रा उशिरा.
शिकेल.