दोन शिट्ट्या

पहिल्या पाच मिनिटांत भाव ठरतो.
कंबरेवर टेकलेला एक हात मी सोडून दिला
की रात्रभर तो हात स्वस्त.
फुंकली शिट्टी,
तर दोन्हीकडची पोरं आपापले तळवे
तापल्या तव्यावरून उचलावेत तसे उचलतात.

म्हणजे खेळ त्यांचा, पण चाल माझी;
हे मी कुणाला सांगत नाही.
आयोवाच्या या कोपऱ्यात
आम्हाला पट्ट्यापट्ट्यांचे सदरे देतात
आणि धरून चालतात की आत कुणी नाही.
आम्ही तिघे, तरी म्हणायचं पंच.

ब्रक्सवूर्ट कोचची टीम वीस वर्षं एकच बास्केटबॉल खेळते:
सावकाश, जाडजूड, मनगटांचा.
शेतावरची पोरं. पंचवीस सेकंद चेंडू घोळवतात,
गोठ्याचं दार ढकलावं तसे पाठीने मागे रेटतात,
आणि बचावात समोरच्याला इतकं हळू धरतात
की धरलंय असं वाटत नाही. सवय वाटते.
पाहुणे ओमाहाचे. त्यांना धावायचं असतं.
त्यांचा जोव्हान प्युरिफॉय, पाच फूट नऊ,
उजवीकडे बघतो, डावीकडे जातो,
आणि गेल्यावर कळतं, तो बघतही नव्हता.

"खेळू दे त्यांना, मार्लिस!" ब्रक्सवूर्ट ओरडतो.
"खेळू दे त्यांना!" पलीकडचा कोचही.
एकाला म्हणायचंय, गप्प बस.
दुसऱ्याला, फुंक.

मी सुरुवात केली तेव्हा शिट्टीत बुचाचा मणी असायचा,
लाळेने फुगून अडकायचा.
राहून गेलेलं बरंच काही त्या मण्यावर ढकललं मी.
आताच्या शिट्टीत मणी नाही.
मिठाची गुळणी धरली, तर ती माझीच.

एकोणीस सेकंद. एका गुणाचा फरक.
प्युरिफॉय आत घुसला
आणि टाइस रूर्डा, दोनशे चाळीस पौंड,
सरकून त्याच्या वाटेत उभा.
की उभा राहत होता?
खांदा, छाती, दोघेही जमिनीवर.
माझी मूठ वर. समोरच्या रेषेवर गेलन वुबेनचीही.
मी दोन्ही हात कंबरेवर ठेवले: अडवलंस.
त्याने एक हात मानेमागे नेला: धडकलास.
अकराशे माणसं,
आणि मला पॉपकॉर्नचं यंत्र ऐकू आलं.

नियमात याला जागा आहे.
अशा वेळी दोघांनाही खरं धरायचं.
दोघांवर फाउल, चेंडू ज्याचा होता त्याचाच.
नंतर प्युरिफॉयने लांबून टाकला,
तो रिंगवर दोनदा उसळून बाहेर पडला.
जिंकलेलेसुद्धा आम्हाला शिव्या देत होते.

व्हॉलीबॉलच्या जाळ्या ठेवतात त्या खोलीत
गेलनने अर्धं सँडविच पुढे केलं.
"तू काय बघत होतीस?"
"टाच."
"मी छाती बघत होतो," तो म्हणाला, आणि बूट सोडू लागला.
बावीस वर्षांत एवढं सविस्तर आम्ही कधी बोललो नव्हतो.

सकाळी सहाला मी परत माझ्या काट्यावर.
को-ऑपमध्ये मक्याचे ट्रक तोलते;
भरलेला किती, रिकामा किती, उरेल तो मका.
इथे वजाबाकी जमते.
बाहेर उणे अकरा. पहिला ट्रक रूर्डांचा,
टाइसचा बाप, काच खाली करून.
काटा थरथरतो. मी तो थांबेपर्यंत थांबते.

"हलत होता का गं त्याचा पाय?"

काच खालीच. वाफ आत येते.
"एकोणऐंशी हजार सहाशे चाळीस," मी म्हणते,
आणि चिठ्ठी पुढे करते.