जिन्यातलं पुस्तक

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज यायची
आगंतुकासारखी, न कळवता,
आणि कोट न काढताच निघून जायची.
आमच्या जिन्यात रहस्यकथा एकच,
पाठीचा डिंक सुकून खडखडीत झालेली,
आणि वाट पाहणारे अकरा जण.
शेवटी लामारामावशीने पावाच्या सुरीने
तिचे पाच तुकडे केले. मजल्याला एक.
ने-आण माझ्याकडे. वय वर्षं नऊ.
लिफ्ट बंद होती, माझे पाय चालू होते.

ज्याला जो तुकडा मिळाला तो तिथूनच सुरू झाला.
तिसऱ्या मजल्यावर लॉर्डसाहेब अजून सूप पीत होते,
पाचव्यावर त्यांना पुरून दोन दिवस झालेले.
भूगोलाच्या एतेरीबाईंनी चौकशी आधी वाचली,
खून नंतर.
"मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही," म्हणाल्या,
"आपल्याकडेही निकालच आधी लागतो."

संध्याकाळी सगळे दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर.
मध्ये रॉकेलचा दिवा, अंगावर असतील नसतील ते कोट,
मांडीवर आपापला तुकडा.
मेलेल्या लॉर्डचं कुणाला फार सुतक नव्हतं.
पण एकेचाळिसाव्या पानावर
मोलकरीण गरम पाण्याचे दोन जग वर नेते,
तिथे सगळे गप्प झाले.
"दोन?" ओतारने विचारलं.
"दोन," मी म्हटलं. मला पाठ होतं.
आणि खुनाच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीला अंडी!
गुलिको शपथेवर सांगायची,
पुतण्याने अंडं अर्धं टाकलं ना, मग तोच.
निर्दोष माणूस अंडं टाकत नाही.

जुंबर घड्याळजी. चष्म्याची एक काच तडकलेली.
तो फक्त दिवाणखान्यातल्या घड्याळाबद्दल बोलायचा.
एवढ्या उंचीवरून पडलेल्या घड्याळाचा काटा वाकतो.
हा वाकलेला नाही.
म्हणजे कुणीतरी ते आधी थांबवलं,
मग पाडलं.
हे तो इतक्यांदा म्हणाला
की वरच्या मजल्यावरची पोरं त्याला 'सव्वानऊ' म्हणू लागली.

मग कळलं, शेवटच नाही.
चौदा पानं. कुठल्याच मजल्यावर नाहीत.
आता जिन्याची उलटतपासणी सुरू झाली.
मंगळवारी कोण कुठे होतं,
शेवटचा तुकडा कुणाच्या उशीखाली होता,
लामारामावशीची पर्स पायरीवर उपडी केली तेव्हा
एक कंगवा निघाला, आणि साखरेचे सहा खडे,
ज्यांच्याबद्दल ती कुणालाच बोलली नव्हती.
ती आठवडाभर खाली आली नाही.
मला कुणी काही विचारलं नाही.
मी तर फक्त पोचवणारी.

चौथ्या दिवशी जुंबरने घसा खाकरला.
"आठवलं. हे मी वाचलंय. बातुमीत, लग्नाआधी."
आणि तीन संध्याकाळी, दिवा पुरेल तेवढाच,
त्याने शेवट सांगितला.
त्यात घड्याळ होतं, अर्थातच.
अंडंही होतं. गुलिकोचं तोंड खुललं.
साखर लपवणाऱ्या एका आत्याला सन्मानाने सोडून दिलं गेलं.
ओतार म्हणाला, थापा आहेत,
पण तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांआधी येऊन बसला तोच.

माणसं पांगली. मी दिवा धरून जुंबरला दारापर्यंत सोडलं.
कुलपात किल्ली फिरवता फिरवता,
माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
"शेवट काय असेल, हे सगळ्यांनी विचारलं.
एकटी तू नाही विचारलंस."
मग आत जाऊन बाहेर आला,
हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा.
"जुनी वर्तमानपत्रं आहेत. यापुढे ही वापर."

खूप वर्षांनी पुलावरच्या बाजारात
पुस्तक सबंध मिळालं. उभ्याउभ्याच शेवट वाचला.
खुनी भलताच कुणी.
घड्याळाबद्दल एक शब्द नाही.
विकणाऱ्याला ते परत दिलं.

त्या मंगळवारी आई पावाच्या रांगेत होती.
वाखो सहा महिन्यांचा, रडून रडून निळा पडलेला,
लाकडं ओली.
पेटवण्याआधी मी एक ओळही वाचली नाही,
वाचली असती तर थांबले असते.
चौदा पानांत
दूध जेमतेम कोमट झालं.