कुठवर आलं पाणी

आमच्या तांबट लेनमध्ये पुराची बातमी
कधी फुटांत आली नाही.
"मारुतीच्या गुडघ्याला लागलं!"
कुणीतरी सायकलवरून ओरडत जायचं,
आणि बाबा हातोडी न थांबवता विचारायचे,
"कंबरेला कधी लागेल?"

दुतोंड्या मारुती. एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक जाणाऱ्या.
मी सहा वर्षांची, आईचा पदर धरून पुलावर.
खाली गढूळ गोदावरी, वाहत आलेलं कुणाचं तरी दार, दोन भोपळे,
आणि मधोमध शेंदरी छाती.
"त्याला पोहता येतं?"
"अख्खा समुद्र ओलांडलाय त्यानं, वेडे."
मग हा हलत का नाही, हे विचारायचं राहिलं.
आईने डोळे मिटले होते.

तेव्हा देव म्हणजे शनिवारचा तेलाचा वास,
रुईची माळ, तळहातावर खोबऱ्याचा तुकडा,
गणिताच्या पेपराआधी
उजवीकडून पडलेलं फूल.

मग घरोघरी स्टील आलं.
बाबांनी ठोकलेली घंगाळं, बंब
मोडीत वजनावर गेले,
आणि दिगूला कावीळ झाली.
आई अकरा शनिवार बोलली.
सातव्या शनिवारी दिगू गेला.

उरलेले चार तिने केले.

"बोललेलं फेडायचं असतं,"
वाण्याची उधारी सांगावी तशा आवाजात.
मी किंचाळले, माल मिळालाच नाही, तर पैसे कसले?
तिने समईची वात पुढे सरकवली,
मला म्हणाली, जेवून घे.

त्यानंतर सोळा वर्षं
माझे हात फक्त थंडीत एकमेकांना भेटले.
प्रसाद मी गोड म्हणून खाल्ला.
लग्नात भटजी म्हणाले, नमस्कार करा,
मी वाकले आणि साडीच्या निऱ्या नीट केल्या.

शर्वरी सातव्या महिन्यात आली.
नऊशे साठ ग्रॅम. साखरेच्या पुड्याएवढी.
काचेच्या पेटीत, नाकात नळी, टोपी तिला मोठी.
रात्रपाळीला शरणपूरच्या साळवे सिस्टर,
कानामागे पेन्सिल, तासातासाला तक्त्यावर खूण.
दुसऱ्या रात्री त्यांनी हळूच विचारलं,
"हिच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?"
"कुणाचीही करा," मी म्हणाले.
मग त्याची लाज वाटली,
मग लाजेचीच लाज वाटली.

पडद्यावर हिरवा आकडा.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी.
आणि माझ्या आत तो सायकलवाला,
गुडघ्याला. कंबरेला. छातीला.
पुन्हा कंबरेला.

शनिवारी सकाळी आई डबा घेऊन आली.
कपाळाला शेंदूर, चपलेला घाटावरचा चिखल.
"काही बोललीस का तिथे?"
मी भांडायच्या तयारीत होते.
"नाही," ती डबा उघडत म्हणाली.
"दिगू गेल्यापासून काही बोलत नाही मी.
काही मागत नाही.
नुसती जाऊन येते."
आणि थोड्या वेळाने, भाकरी मोडताना,
"घरात बसवत नाही गं शनिवारचं."

चोवीस वर्षं मी तिला भोळी समजत होते.

पोरगी वाचली. का, ते डॉक्टरांनी सांगितलं,
साळवे सिस्टरांनी वेगळं सांगितलं,
मी दोघांच्याही हातावर पेढा ठेवला.

आता ती सहा वर्षांची. डाव्या डोळ्याला चष्म्याचा नंबर जास्त.
काल गंगापूरमधून पाणी सोडलं,
आम्ही दोघी पुलावर, सगळे मोबाईल उंचावून उभे.
"आई, तो थकत नाही?"
मला उत्तर आलं नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "थकत असेल."
बाजूच्या बाईने चमकून पाहिलं.

मी हात जोडले नाहीत.
जोडायचे तर तिचा हात सोडावा लागला असता,
आणि कठड्याच्या गजांमधून ती सहज गेली असती.
खाली शेंदूर धुपून दगड दिसत होता,
पाणी चढतच होतं.

ती चष्मा पुसून पुन्हा वाकली.
"आजीला फोन लाव," म्हणाली,
"सांग, खांद्याला लागलं."