सत्तर ते तीनशे

कॅमेरा बारीहून आला, मिनीबसने,
लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून.
एतेरी ज्या म्हाताऱ्याची उस्तवार करायची, तो गेला.
त्याच्या मुलांनी घर वाटून घेतलं
आणि हा तिच्या हातात ठेवला :
घे, आमच्यात कुणाला येत नाही.

सोबत एकच लेन्स, अठरा ते पंचावन्न.
तिच्यात माझं अंगण मावतं, भट्टी मावते,
शेजारची गाय शिंगांसकट.
पण सप्टेंबरात बातुमीच्या मागच्या टेकडीवरून
मोहोळघारी जातात, हजारांनी,
समुद्र उजव्या हाताला ठेवून,
आणि माझ्या फोटोत उतरतात
भाकरीवरच्या करपल्या ठिपक्यांएवढ्या.
एतेरीला पाठवला तर म्हणाली,
आई, काच पुसून घे.

म्हणून तिबिलिसी. सुक्या पुलावरचा बाजार.
पिशवीत दोनशे लारी,
रुमालाच्या गाठीत आणखी साठ,
ते परतीच्या गाडीचे आणि दाताचे. त्यांना हात लावायचा नाही.

मलखाज नावाचा माणूस. समोर चादर,
चादरीवर पदकं, चमचे, सामोवारच्या तोट्या
आणि एका रांगेत लेन्सा, तोंडावर झाकणं लावलेल्या.
एक सोडून. ती उघडीच.

पहिली उचलली ती सोव्हिएत काळातली,
खलबत्त्याएवढी जड.
तो म्हणाला, नातवंडांना पुरेल.
मी उजेडाकडे धरली. आत काचेवर
कोळ्याच्या पायांसारखं काहीतरी पसरलेलं.
बुरशी मला कुणी शिकवायला नको,
पिठात जन्म गेला. ठेवून दिली.

मग सत्तर ते तीनशे, हाताची थरथर आवरणारी. सहाशे.
मी मुकाट्याने तिचं झाकण परत लावलं.

मग ती उघडी. तीही सत्तर ते तीनशे.
एकशे ऐंशी.
एवढी स्वस्त का?
शेवटाला नेलीस की भुरकट दिसतं, तो म्हणाला,
आणि ही काही आवरत नाही. हात हलला की संपलं.

हात.
एकतीस वर्षं मी जमिनीत पुरलेल्या भट्टीवर ओणवी होते,
कमरेपर्यंत आत,
भिंतीला चिकटलेला पाव आकडीने सोडवते.
हलला असता तर भुवया राहिल्या नसत्या.
एक भुवई तशी अर्धीच आहे, पण ते पहिल्या वर्षातलं.

दे इकडे, म्हटलं.
नदीपलीकडे पाचवा मजला, गॅलरीत एक बाई,
केसांना रंग लावून डोक्याला पिशवी बांधलेली,
सिगारेट ओढत उभी.
कोपर बरगडीला टेकवलं, श्वास अर्धा सोडून धरला,
भट्टीत धरते तसा.
तेवढ्यात तिने थेट माझ्याकडे पाहिलं.
मी दचकून कॅमेरा खाली घेतला,
न विचारता कुणाच्या मोरीत शिरल्यासारखी.

मलखाजने पडद्यावर फोटो मोठा केला, मोठा केला,
आणि पिशवीवरचं दुकानाचं नाव मोठ्याने वाचलं.
मग काहीच बोलला नाही.
एकशे साठला दिली.
झाकणाचं काय, विचारलं, तर म्हणाला,
दह्याच्या बरणीचं लाव.
लावलं. जरा सैल बसतं.

टेकडीवर पहिल्या दिवशी तीनशे चाळीस फोटो,
त्यातले सहा ठेवण्यासारखे.
तीनशेला खरंच भुरकट. अडीचशेपर्यंत मागे आले,
छिद्राचा आकडा आठवर ठेवला
आणि ढग सरायची वाट पाहिली.
वडील याच जागी जाळं लावून चिमणबाज धरायचे,
लावे मारायला हातावर वागवायचे,
थंडीआधी सोडून द्यायचे. मला वाटायचं,
एवढे कष्ट करून सोडायचं कशाला?

सहातला एक फोटो एतेरीला पाठवला.
डाव्या पंखातलं एक पीस गळालेलं,
पिवळा डोळा, मान किंचित कलती.
रात्रपाळी संपवून तिने लिहिलं :
आई, ही खाली बघतेय. कुणाकडे?

पहाटेचे चार वाजले होते.
भट्टी तापली होती, पीठ वर आलं होतं.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.