शेवटचा आकडा

आजोबांना अक्षरं येत नव्हती.
सरकारी कागदावर ते अंगठा उमटवत,
आणि त्याआधी तो विजारीला पुसून घेत,
कागद मळू नये म्हणून.

आकडे मात्र दहाही येत.
आमच्या अलेंतेजोत बुचाच्या ओकाची साल काढली
की उघड्या, तांबड्यालाल खोडावर
पांढऱ्या रंगानं वर्षाचा शेवटचा आकडा काढतात.
मग नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही.

बेचाळीस साली मुकादमानं
पाणी वाहणाऱ्या तेरा वर्षांच्या बेल्मीरोच्या हाती ब्रश दिला,
काटकीनं मातीत दोन गिरवून दाखवला.
विहिरीजवळचं झाड.
त्यांचा दोन म्हणे बदकासारखा निघाला.

नऊ-नऊ वर्षांनी त्या झाडावर
आकडा एकेकानं उतरत जातो.
मी बोटांवर मोजून पाहिलं:
दोन, एक, शून्य, मग नऊ.
"माणूस चढतो, झाड उतरतं," ते म्हणाले
आणि लसणाच्या रश्श्यात शिळा पाव कुस्करून
वर मूठभर कोथिंबीर टाकली.

एकाच्या साली देओलिंदा आजी घरात आली,
स्वतःची खुर्ची घेऊन.
शून्याबद्दल ते बोलत नसत.

नवाच्या साली होरासियोकाका रात्रीतून
सीमा ओलांडून फ्रान्सला गेला.
सतरा वर्षांचा. पुढं आफ्रिकेतल्या लढाईवर धाडतील म्हणून.
त्या सकाळी आजोबांची कुऱ्हाड
आयुष्यात एकदाच खोल गेली.
बुचाखालच्या थराला आमच्याकडे आई म्हणतात.
आईला लागलं की तिथं बूच पुन्हा धरत नाही.
तो व्रण अजून आहे, तळहाताएवढा.
दर उन्हाळ्यात ते टोपी काढून त्याच्यापुढे उभे राहत
आणि आम्हाला सांगत, घाम पुसतोय.

संत नव्हते ते.
पत्त्यांत लबाडी करत, पकडले गेले की बहिरे होत.
पंचेचाळीस वर्षांत आजीच्या एका पदार्थाला
"बरा झालाय" म्हणाले नाहीत.
फक्त ताट पावानं पुसून लख्ख करत.

सहाच्या साली मी नऊ वर्षांची,
मातीची सुरई घेऊन त्यांच्या मागे.
आजी जूनमध्ये गेली होती. काढणी जुलैत.
झाड थांबत नाही.
त्यांनी मला ऐकायला शिकवलं:
चिरेत पातं फिरवल्यावर कोरडं वाजलं
तर झाड नको म्हणतंय,
ओलं वाजलं तर सोडतंय.
त्या दिवशी सगळीच झाडं सोडत होती.

शेवटच्या काढणीला ते चौऱ्याण्णव वर्षांचे.
आजीची खुर्ची ट्रॉलीत घालून विहिरीपाशी नेली.
तीन काढायला इतका वेळ लावला
की रंग ओघळला, तिनाला शेपूट फुटलं.
"राहू दे," म्हणाले, "ओळखू येतोय."
फेब्रुवारीत गेले.

कोठीच्या दारामागे, खिळ्याला टांगलेली,
बुचाची एक फळी सापडली, तिच्यावर पांढरा आकडा.
बाकी सगळे आकडे
कुठल्या कुठल्या बाटल्यांच्या तोंडी लागले असतील.
हा एवढा त्यांनी राखलेला.

"नऊ," होरासियोकाका म्हणाला.
बहात्तर वर्षांचा माणूस,
फळीवरून बोट फिरवत राहिला,
जसं कुणाच्या कपाळावरून फिरवावं.
मग ती माझ्याकडे दिली.
मी उलटी धरून पाहिली. सहा.
दोरीसाठी भोकं
दोन्ही टोकांना पाडलेली होती.
मी काही बोलले नाही.
त्याच्या हाती नऊच परत दिला.

विहिरीजवळच्या झाडावर शेपटीचा तीन आहे.
पुढचा आकडा दोन, बत्तीस साली.
माझा तेओ चार वर्षांचा,
म्हणतो, मला आत्ताच येतो काढायला.
काटकीनं मातीत काढून दाखवतो.
आरशातल्यासारखा निघतो.
असू दे. आठ वर्षं आहेत.