जाळीची वही

सकाळी सातला मी जाळी उचलते.
शहापूरच्या पार पुढं, डांबरी संपते तिथलं आमचं गाव,
त्रेचाळीस घरं,
रात्रीतून माझ्याकडे येऊन बसलेली असतात :
भाताची शितं, सुकटीची डोकी,
केसांचा गुंता, साबणाची पातळ चकती,
एकदा चांदीचं जोडवं.
ते द्वारकी वेखंडेचं निघालं.
घेताना तिनं पदराचं टोक पुढं केलं,
हात नाही.

साहेबांनी वही दिलीय. वर नाव घातलंय, हौशी मुकणे.
आत तारीख, वास, रंग.
वासाखाली मी रोज 'आहे' लिहिते.
रंगाचं मात्र बोलता येतं बरंच.
निळं आलं, म्हणजे मास्तरीणबाई उद्या तालुक्याला जाणार.
पिवळं आलं, तेव्हा घुड्यांच्या दारी हळद होती,
आम्हाला बोलावणं नव्हतं,
पण मला कळलं.
एकदा पहाटे चारला नुसतं पाणी आलं,
एकदम, खूप, स्वच्छ.
सोमा म्हातारा गेला होता. त्याला आंघोळ घातली.
त्या दिवशीचा रकाना कोराच आहे.
साहेब विचारतात, हे राहिलं का?
मी म्हणते, राहिलं.

जाळीच्या आधी एक हौद आहे, हातभर खोल.
गावठाणाचं गटार डावीकडून पडतं,
कातकरवाडीचं उजवीकडून.
ग्रामसभेत आम्ही अजून उंबऱ्याशी बसतो,
इथं मात्र पाण्याला उंबरा नाही.
पुढं गाळ बसतो, खडी असते,
मग कर्दळ,
लालभडक, माणसाच्या उंचीची,
तिची मुळं काय खातात ते बघवत नाही
आणि फुलं बघितल्याशिवाय राहवत नाही.

शेवटच्या टाकीतनं जे निघतं
ते साहेबांनी बाटलीत भरून ठाण्याला नेलं.
कागद आला : झाडांना चालेल.
मग मी बांधाच्या कडेला वांगी लावली.
काटेरी, जांभळी, हिरव्या रेघांची.
सरपंचांनी फोटो काढला.
खाल्लं कुणी नाही.
द्वारकी म्हणाली, त्या पाण्याची?
आणि थुंकली, गटारात,
म्हणजे परत माझ्याकडेच.

परवा सकाळी झाडावर चार वांगी कमी.
माकडं नाहीत, माकडं फांदी मोडतात.
इथं नखानं खुडलेलं होतं, नीट, देठासकट.

आज जाळी उचलली.
डाव्या गटाराच्या तोंडाशी अडकलेले
चार देठ,
काट्यांसकट चोखून पांढरे केलेले.

वही उघडली.
तारीख घातली.
वास : लसूण, तेल, शेंगदाण्याचा कूट.
रंग : मसाल्याचा.
घर मला ठाऊक आहे.
वहीत घराचा रकाना नाही.