खवाट्याखाली

दुपारी दोनला डबी आली. झाकणावर नाव :
आगारिए कामादो, वय एक्क्याऐंशी, उजवा खवाटा.
आत फॉर्मलीनमध्ये मुठीएवढा गोळा,
धड चरबी नाही, धड मांस नाही,
सुरी लावली की रबरासारखा
तिला मागे ढकलणारा.

मियाको बेटावरच्या या इस्पितळात
काप घेणं, रंग देणं, धुणं, सगळं माझ्याकडे.
भिंगाखाली काळे धागे दिसले,
जागोजागी तुटून मणी झालेले,
पोत ओवता ओवता कुणी उठून गेल्यासारखे.
इलॅस्टिन.
धमनीत असतं, फुप्फुसात असतं,
ताणून सोडलं की जागेवर येणारं.
पण इथे, पाठीत,
एवढं कुणी मागितलं होतं?

डॉक्टर चिनेन म्हणाले, माझा संशय हाडावर आहे.
पन्नास वर्षं ऊस तोडला बाईंनी.
खवाट्याचं टोक बरगडीवर घासत राहिलं
की हाडाची साल उसवते.
तिच्यातल्या पेशी, ज्यांना फक्त चुना रचणं ठाऊक,
घराण्याचा धंदा सोडून बाहेर पडतात,
शेजारणींच्या कानाशी लागतात.
काय सांगतात ते अजून नीट ऐकू येत नाही आपल्याला,
पण त्या सूत काढायला बसतात.

मला हे रात्रभर पटेना.
हाड. आपल्यातला सगळ्यात न वाकणारा.
त्यानं लवचीकपणा मागावा?
की घासणं म्हणजे काय
ते त्यालाच आधी कळतं?

टाके काढायच्या दिवशी आजी तळघरात आल्या.
"कर्करोग नाही ना? मग दाखव."
एक डोळा मिटून बराच वेळ वाकल्या.
"हे मी केलं?"
"तुमच्या पाठीनं."
"तिला कुणी सांगितलं?"
"बहुतेक हाडानं."
"म्हणजे माझी सासूच! आपण ताठ बसायचं
आणि रॅमीचं सूत सुनांकडून वळून घ्यायचं."
मग हसू ओसरल्यावर :
"उपयोग झाला का काही?"

खोटं बोलवेना. म्हटलं, नाही.
तुटकं आहे. ताणत नाही.

"हं," म्हणाल्या. "सूतही कितीदा तुटायचं."

डाव्या बाजूला एक लहानसा आहे,
तोही काढू, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं.
"राहू दे त्याला. हात वर जातो अजून,"
आणि माझ्या फळीवरची सगळ्यात उंच बाटली
त्यांनी बोटांनी शिवून दाखवली.
पाठीत खट् वाजलं.
दोघींनी ऐकलं.